बेनीच्या शेडमधला धूमकेतू

१

शटर वर गेलं आणि बेनेडिक्ट तुस्कानोच्या तोंडून असा आवाज निघाला, जो ज्युलिएटने त्याच्या आईची शवपेटी बंद करताना ऐकला होता, त्यानंतर कधीच नाही.

"गेला," तो म्हणाला. "माझा हार्बर नाइट गेला."

ज्युलिएट डाबरे त्याची मावसबहीण. बेनेडिक्टच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा आठवडाभर तिने त्याला विरारच्या आपल्या फ्लॅटमध्ये ठेवून घेतलं होतं आणि आज होळी गावात पोचवायला आली होती. नोकरीची सगळी वर्षं तिने रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत काढली होती. छत्र्या, कवळ्या, एकदा तर जिवंत पोपट तिने मालकाच्या हवाली केला होता. त्यामुळे वस्तू गेली म्हणून रडणारी माणसं तिला नवी नव्हती. पण गेलेली वस्तू माणसापेक्षा उंच आणि कपाटापेक्षा जड असल्याचा प्रसंग पहिलाच.

बेनेडिक्टचा नाद सगळ्या वसईला ठाऊक होता. लोक जमिनी घेत होते, हा बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधली जुनी मशीन घेत होता. केळीच्या वाडीमागे त्याने टिनाची शेड बांधली आणि सुरतेपासून भाईंदरपर्यंत जिथे जिथे अशी मशीन अडगळीत पडली होती, तिथून एकेक आणून तिच्यात उभी केली. लग्न केलं नाही ते यांच्यामुळे, असं गावात म्हणत. तो म्हणे, लग्न झालं नाही म्हणून ही आली. खरं काय ते त्याला आणि देवाला माहीत.

"बाकीची नीट आहेत का बघ आधी," ज्युलिएट म्हणाली, कारण रडणाऱ्या माणसाला काहीतरी काम द्यावं हे तिचं कचेरीतलं तंत्र.

बेनेडिक्टने मेन स्विच दाबला.

ज्युलिएट आयुष्यात पहिल्यांदा त्या शेडमध्ये उभी होती. आधी बारीक गुणगुण झाली, मग एका काचेत निळं पडलं, दुसऱ्या काचेत हिरवं, आणि बघता बघता दोन्ही बाजूंच्या रांगा उजळत गेल्या. चिमुकली विमानं उडायला लागली, डोंगर सरकायला लागले, कुठे घोडे धावले, कुठे अंतराळात गोळ्या सुटल्या. प्रत्येक मशीन आपलंच गाणं वाजवत होतं आणि कुणीही कुणासाठी थांबत नव्हतं. खेळणारं एकही माणूस नसताना एवढी दुनिया आपली आपण चालू होती. मोठ्या चर्चमध्ये पहिल्यांदा ऑर्गन ऐकताना छातीत जे झालं होतं तेच तिला आत्ता झालं, आणि आपण बेनीला इतकी वर्षं वेडा म्हणालो याची तिला लाज वाटली.

सगळं एका नजरेत यावं म्हणून ती मागे सरकली आणि कोपऱ्यातल्या चादर घातलेल्या डब्याला टेकली. जरा वेळाने पाठीला छान ऊब लागली.

"ह्याच्यात काय आहे?" तिने आवाज चढवून विचारलं.

"काही नाही. नुसता खोका. आतलं सामान कधी मिळालंच नाही." बेनेडिक्टचं लक्ष रांगेतल्या, हार्बर नाइट या मशीनच्या रिकाम्या जागेवर होतं. तिथल्या सिमेंटवर तपकिरी माती सांडली होती. "बघ, चोराच्या पायाची माती. बाहेरचं खणलेलं आहे ना."

बाहेर खरंच खणलं होतं. बेनेडिक्ट विरारला गेला त्याआधीच पाण्याच्या पाइपासाठी पालिकेने गल्ली उकरली होती, टेम्पो सोडा, हातगाडीही आत येत नव्हती. असं असताना एवढं मोठं मशीन कोणी, कशावरून नेलं, ते ज्युलिएटला समजेना. कुलूप फोडलेलं नव्हतं.

"चाव्या किती?"

"दोन." बेनेडिक्टने खिशातली एक काढून दाखवली. दुसरी कोणाकडे आहे ते सांगताना त्याने मान फिरवली. "एल्रॉयकडे. सख्ख्या पुतण्याकडे. उद्या संध्याकाळपर्यंत त्याने मशीन आणून ठेवलं तर ठीक, नाहीतर मी पोलीस चौकीत नाव देणार."

२

एल्रॉयचे वडील तो शाळेत असतानाच वारले होते. आता तो जहाजावर नोकरीला चढायच्या बेतात होता. मेडिकल झालं होतं, फक्त पोलिसांचा दाखला यायचा होता, की त्याच्यावर कसला गुन्हा नाही. बेनेडिक्टने चौकीत त्याचं नाव दिलं की दाखला अडकणार आणि जहाज एल्रॉयला किनाऱ्यावर सोडून जाणार. हे बेनेडिक्टलाही कळत होतं. म्हणून तर त्याने ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती. गावाला फक्त चोरी झाल्याचं कळलं होतं, संशय कुणावर ते नाही.

एल्रॉय स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला होता. सकाळपासून त्याने चहासुद्धा घेतला नव्हता.

"एल्रॉय, मी तुला चोर म्हणायला आले नाही," ज्युलिएट म्हणाली. "मला फक्त..."

"चावी माझ्याजवळच होती, आंटी. पूर्ण टाइम. कुणाला दिली नाही."

 अजून तिने चावीचा विषयच काढला नव्हता. कचेरीत असे लोक पुष्कळ येत. बॅगेचा रंग विचारायच्या आत कुलपाचं बोलायला लागत, आणि घोळ हमखास कुलपातच असे.

"मेडिकलला मुंबईला गेला होतास, तेव्हाही चावी बरोबर?"

"हो."

"मग शेडमधले दिवे कोणी लावले? दमट हवेने मशीन खराब होतात, म्हणून रोज संध्याकाळी आत बल्ब लावून ठेवायला बेनीने सांगितलं होतं ना तुला?"

त्याने खाली बघितलं. बराच वेळ त्याने पायरीवरची मुंगी बोटाने अडवली, सोडली, पुन्हा अडवली.

"एक दिवस नाही लावले," तो म्हणाला. "आंटी, तुम्ही अंकलला सांगा, मला चौकीत द्यायचं तर द्या. पण अजून विचारू नका."

ज्युलिएटला त्याच्या तोंडावर चोराची भीती दिसली नाही. तिथे हट्ट होता, दाराला पाठ लावून उभ्या राहिलेल्या माणसाचा. हा पोरगा कुणाला तरी आत ठेवून दार अडवत होता, आणि त्यासाठी जहाज सोडायला तयार होता.

३

संध्याकाळी ती पाय मोकळे करायला गावच्या क्रुसापाशी गेली. नाताळ तोंडावर आलेला. गावच्या मंडळींनी दरवर्षीप्रमाणे तिथे मोठा गोठा उभारला होता. मारिया, जोसेफ, मेंढरं, बैल सगळे जागच्या जागी होते, बाळाची जागा तेवढी नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामी. एक म्हातारा गुडघ्यावर बसून पेंढा अंथरत होता.

"ज्युलीबाय, कवा आलीस?"

हे हरेश्वर म्हात्रे. राहणार गास गावचे, भाताची शेती, धर्माने हिंदू, पण होळीच्या गोठ्याला पेंढा गेली कित्येक वर्षं त्यांच्याच शेतातला. तरुणपणी त्यांनी नालासोपाऱ्याला गेमचं पार्लर चालवलं होतं. धंदा बसला, पण त्या मशीनपायी बेनेडिक्टशी दोस्ती जमली ती जमलीच. एल्रॉयला सायकल त्यांनी शिकवली, पोहायला त्यांनी शिकवलं, आणि बाप गेल्यावर भाताची पहिली पिशवी दरवर्षी त्याच्या घरी पोचवली.

"आजच आले, हरेश्वरभाऊ. बेनीला सोडायला."

"डोला बरा झाला ना त्याचा?" ते पेंढा सारखा करत राहिले. "गोठा बघाया नाय आला तो."

"त्याचं मशीन चोरीला गेलं. घराबाहेर पडत नाही."

"आयकला मी," हरेश्वर म्हणाले, आणि पेंढ्याची नवी पेंडी सोडायला पाठमोरे झाले. "कोन नेनार बाय असला धूड. येल परत."

तेवढ्यात कुणीतरी दिव्याची माळ लावली आणि ज्युलिएट पुढचं विचारायचं विसरून गेली.

गोठ्यामागे आभाळ होतं. दरवर्षी निळ्या कागदावर चांदीचे तारे चिकटवलेले असत. यंदा तसं नव्हतं. यंदा खाली काळंनिळं पाणी होतं, त्यावर एकटी होडी, आणि वर सगळं आभाळ चिरत आलेला एक सोनेरी तारा, त्याचं लांबच लांब शेपूट दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेलं. दिवा लागला तसा तो रंग आतून पेटल्यासारखा झाला. शेजारी कडेवर बाळ घेऊन उभी असलेली बाई कुजबुजायचीही थांबली. ज्युलिएटने नकळत छातीवर हाताने क्रूस काढला. ताऱ्यामागून बेथलेहेमला आलेल्या त्या राजांना दिसलं ते असंच असणार, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

एकच गोष्ट तिला खटकली. त्या आभाळाची कड सरळ नव्हती. वरून तिरकी उतरत आली होती, मध्येच पुढे आली होती आणि पुन्हा आत गेली होती. एवढं सुंदर काम करणाऱ्याने कड अशी का कापावी?

"आभाळ कुणी रंगवलं, हरेश्वरभाऊ?"

पण हरेश्वर पेंढ्याची दोरी खांद्यावर टाकून निघूनही गेले होते.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी विकी आला. विकी बोरिवलीचा, बेनेडिक्टसारखाच मशीन जमवणारा, वयाने त्याच्या निम्मा आणि बोलण्यात दुप्पट. गणपती झाल्यावर तो हार्बर नाइट विकत मागायला आला होता आणि बेनेडिक्टने त्याला जवळजवळ हाकलून दिलं होतं. चोरीची बातमी ऐकून तो स्वतःच धावत आला, आणि बेनेडिक्टच्या डोळ्यांत त्याच्याविषयी जे होतं ते बघून अंगणातच थांबला.

"आंटी, मी चोरला असता तर आलो असतो का?" तो ज्युलिएटला म्हणाला. "आणि नेणार कसा? बाहेर रोड बघा ना. मी स्वतः चिखलातून चालत आलोय."

"चिखलातून," ज्युलिएट म्हणाली आणि त्याच्या बुटांकडे बघत राहिली. बुटांना काळा, ओला, चिकट गाळ लागला होता. शेडमधली माती तपकिरी होती.

तिने त्याला पाणी दिलं. "मला या विषयातलं काही कळत नाही. मला सांग, त्या मशीनमध्ये एवढं काय होतं?"

"मशीनमध्ये नाही आंटी, मशीनवर. आतला बोर्ड, पिक्चर ट्यूब, ते सगळं दुसरं मिळतं. वेळ लागतो, पण मिळतं. माल म्हणजे डबा. कंपनीत रंगवलेला ओरिजिनल डबा. अख्ख्या इंडियात असा दुसरा मी बघितला नाही."

"आणि पार्लरवाले पण असंच समजायचे?"

विकीने कपाळाला हात लावला. "पार्लरवाले? एकदम उलटं. त्यांना आतला गेम चालला पाहिजे, बस. डबा सडला की आतलं सगळं काढून दुसऱ्या डब्यात भरायचं आणि जुना फेकून द्यायचा. एकाने तर माझ्यासमोर कोंबड्यांचं खुराडं केलं होतं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही."

ज्युलिएटने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"बेनीकडे समोरूनच काढलेला फोटो आहे. बाजू कशा होत्या त्याच्या?"

"बाजू कोणाला दिसणार, लाइनीत चिकटून उभा होता तो. पण मी आलो तेव्हा अंकलने बाहेर ओढून दाखवला होता. मी पटकन फोटो मारला." विकीने फोन पुढे केला.

ज्युलिएटने चष्मा नीट केला. तो फोटो तिने पहिल्यांदाच बघितला होता. त्यातलं चित्र मात्र तिने काल संध्याकाळी बघितलं होतं, आणि त्याच्यासमोर क्रूसही काढला होता.

५

"बेनी, शेड उघड," ती म्हणाली. "चौकीत नंतर जा."

रिकाम्या जागेवरची माती तिने चिमटीत घेतली. ती कोरडी होती, रवाळ होती, आणि तिच्यात बारीक पोकळ नळ्या होत्या. तिने ती बेनेडिक्टच्या तळहातावर ठेवली.

"ही चोराच्या पायाची नाही. ही वाळवीची."

बेनेडिक्टचा चेहरा पडला. मशीन जमवणाऱ्या माणसाला वाळवी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एका डब्याला लागली की रांगच्या रांग पोखरून काढते.

"आता मेन लाव."

पुन्हा ती गुणगुण, पुन्हा ते उजळत जाणं. ज्युलिएट थेट कोपऱ्यातल्या चादर घातलेल्या डब्यापाशी गेली. तिने थोडी वाट बघितली आणि बेनेडिक्टचा हात धरून डब्याच्या मागच्या बाजूवर टेकवला.

"काल मी याला टेकले होते. मला वाटलं, उन्हाने तापलाय. पण कोपरा सावलीत आहे. रिकामा खोका ऊब कशी देईल, बेनी?"

बेनेडिक्टने चादर ओढली.

काचेत समुद्र होता. काळंनिळं पाणी लयीत वर येत होतं, खाली जात होतं, आणि त्यावरून एक चिमुकली होडी बंदराच्या दिव्याकडे निघाली होती. एवढ्या गोंगाटात लाटांचा आवाज कान जवळ नेल्यावरच ऐकू येत होता. बेनेडिक्टने काचेवर दोन्ही हात ठेवले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते त्याला आठवलं नाही.

"हा इथेच होता?" तो पुटपुटला. विकी तर जमिनीवरच बसला.

"शेडबाहेर गेलाच नाही. म्हणून गल्ली खणलेली असून काही अडलं नाही. बाहेर गेल्या त्या नुसत्या फळ्या, त्या खांद्यावरून जातात." ज्युलिएट सावकाश बोलत होती, कारण पुढचं बोलणं सोपं नव्हतं. "आता तूच सांग. एका डब्यातला गेम काढून दुसऱ्यात सुरू करून ठेवणं एल्रॉयला जमेल?"

"त्याला फ्यूज बदलता येत नाही."

"विकीला जमेल. पण विकी डबा फोडण्याआधी स्वतःचा हात तोडेल. मग डब्याची पर्वा नसलेला आणि आतल्या गेमची काळजी घेणारा माणूस कोण? आणि असा कोण आहे, ज्याला एल्रॉय मुंबईला जाताना दिवे लावायला चावी देईल, आणि ज्याचं नाव तुझ्यापासून लपवायला जहाज सोडेल?"

"हरेश्वर," बेनेडिक्ट म्हणाला आणि टोपी डोक्यावर चढवून बाहेर पडला.

६

क्रुसापाशी ते पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. एल्रॉयला ज्युलिएटने हाताला धरून आणलं होतं. हरेश्वर मेंढरांपुढे पेंढा पसरत होते. बेनेडिक्टला बघून ते उठले नाहीत.

बेनेडिक्टने मात्र त्यांच्याकडे बघितलंच नाही. तो आभाळासमोर उभा राहिला. त्याच्या डब्याच्या तिरक्या कडांच्या दोन बाजू, खालून कापलेल्या, एकमेकींना जोडून आडव्या लावलेल्या, आणि त्यावरून सरळ निघालेला तो तारा. इतकी वर्षं तो शेजारच्या मशीनला चिकटून अंधारात उभा होता.

"हरेश्वरभाऊ," ज्युलिएट हळूच म्हणाली, "बेनीने संशय एल्रॉयवर घेतलाय. चौकीत नाव गेलं की त्याचं जहाज गेलं."

हरेश्वर उभे राहिले. इतके झटकन, की मांडीवरचा पेंढा मारियाच्या पायांशी पडला.

"पोराव? अरे बेनी, येडा का खुला तू? तो माझा काम हाय. पोराला काय ठावं नाय." त्यांचा आवाज फाटला. "दिवे लावाया गेलो तं बुडाला वाळवी. रात काढली असती तं बाजूचा गेला असता. मी पार्लरवाला मानूस, मना काय म्हायीत डब्याची किंमत? आतला जपून काढला, तुझ्या रिकाम्या खोक्यात भरला, दवा मारली खाली. बूड जालला. वरचा चांगला होता तो पोरांना दिला गोठ्याला. म्हटला, तू येशील, मेन दाबशील, चादर काढशील, खूश होशील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"येत होतो सांगाया. तू अंगनात रडत होतास, असा डबा देशात दुसरा नाय म्हनून. पाय उचलला नाय माझा. म्हटला चोरच नाय तं धरतील कोनाला. पोराचा नाव मना कोनी सांगितलाच नाय."

विकीने तोंड उघडलं, फळ्यांवरच्या करवतीच्या रेषेकडे बघितलं, आणि शहाण्यासारखं मिटलं.

बेनेडिक्ट पुतण्याकडे वळला. "तू तरी बोलायचं होतंस. चावी हरेश्वरकाकांकडे दिली होती, एवढंच."

"बोललो असतो तर तुम्ही त्यांना पुन्हा शेडमध्ये पाय ठेवू दिला नसता, अंकल," एल्रॉय म्हणाला. "त्यांनी चोरलं नसणार हे मला माहीत होतं. तुम्हाला पटलं नसतं. जहाज काय, पुढच्या वर्षी दुसरं लागलं असतं."

हरेश्वर तोंडाला गमछा लावून पेंढ्यात खाली बसले. बेनेडिक्टने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"तुझ्यामुळे बाकीची वाचली," तो म्हणाला. "वाळवी माझ्या बापाला दिसली नसती."

चर्चची संध्याकाळची घंटा झाली. होळी गावात या घंटेनंतर घरातली धाकटी माणसं थोरल्यांपुढे डोकं वाकवून आशीर्वाद मागतात. आजूबाजूची पोरं आपापल्या आजीआजोबांपुढे वाकली. एल्रॉयही सवयीने काकापुढे आला. पण बेनेडिक्टने हात वर केला नाही. सगळा गाव बघत असताना त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि एवढा थोरला माणूस पुतण्यासमोर मान वाकवून उभा राहिला.

"आज तू दे," तो म्हणाला.

 एल्रॉयने ज्युलिएटकडे बघितलं, हरेश्वरकाकांकडे बघितलं. मग त्याने हात पँटला पुसला आणि तो बेनेडिक्टच्या पांढऱ्या केसांवर ठेवला.